गोगीची बुळबुळ आणि मैनाकाकूंचा गाल

न्हाणीमागे अळू होते. अळूच्या पानाखाली गोगी राहत असे. गोगी म्हणजे इवलीशी गोगलगाय. देवाने तिला पाठीवर घर दिले, पोटाखाली बुळबुळ दिली. त्या बुळबुळीवरून ती चाले. सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!

न्हाणीपुढे मैनाकाकू राहत. काकूंचा गाल फार नाजूक. जरा काही झाले की लाल! काकूंनी गालाला लावायला कोरियाहून दोन बाटल्या मागवल्या. एकीत टोनर, पाण्यासारखा पातळ. दुसरीत एसेन्स, मधासारखे दाट, गोगलगाईच्या बुळबुळीचे. दुसरीवर गोगलगाईचे चित्र.

"टोनर लावू की एसेन्स?" काकू म्हणाल्या. "अगं बाई! चित्रातली ही तर आमच्या अळवात आहे!"

त्यांनी गोगीला उचलले. चमच्याने तिची बुळबुळ काढली आणि वाटीत ठेवली.

गोगी चालू लागली. खरड खरड! खरड खरड! पोट भाजले. अळू दूर राहिले. ऊन भिंतीवर आले. उन्हात गोगलगाय सुकते.

"काकू, काकू, माझी बुळबुळ द्या."

"थांब गं! टोनर की एसेन्स, ते ठरू दे. वाटी मग मिळेल."

"कधी ठरेल?"

"गाल सांगेल तेव्हा."

गोगी गालाकडे वळली. खरड खरड! ऊन खिडकीवर आले.

"गालोबा, गालोबा!
काकू ठरवेनात,
वाटी मिळेना,
अळू गाठवेना.
तू बोल ना!"

गाल लालेलाल. "काय बोलू? माझी आग आग होते आहे. हा पंचा मला घासतो. पंचा थांबेल, तेव्हा मी बोलेन."

गोगी पंचाकडे गेली. खरड खरड! ऊन दोरीवर आले.

"पंचोबा, पंचोबा!
गाल बोलेना,
काकू ठरवेनात,
वाटी मिळेना,
अळू गाठवेना.
तू थांब ना!"

पंचा फडफडला. फडाफड! "फेस दिसला की मी पुसणार. मला खरखरीत म्हणू नकोस, हं! स्वतःच्या पाठीवर दगड घेऊन फिरतेस! साबण जागेवर बसेल, तेव्हा मी थांबेन."

"दगड नाही, घर आहे," गोगी म्हणाली, आणि निघाली. खरड खरड! ऊन धुण्याच्या दगडावर आले.

"साबणोबा, साबणोबा!
पंचा थांबेना,
गाल बोलेना,
काकू ठरवेनात,
वाटी मिळेना,
अळू गाठवेना.
तू बस ना!"

साबण झिजला होता. बोटाएवढा उरला होता. "बसू? मला बसू देते कोण? सकाळपासून सात वेळा उचलले मला! हात ऐकेल, तेव्हा मी बसेन."

गोगी हाताकडे गेली. खरड... खरड... ऊन तिच्या शेपटीवर आले.

"हातोबा, हातोबा!
साबण बसेना,
पंचा थांबेना,
गाल बोलेना,
काकू ठरवेनात,
वाटी मिळेना,
अळू गाठवेना.
तू ऐक ना!"

हात ओला, हात दमलेला. "मी ऐकतोच आहे. पण तुझे नव्हे, काकूंचे! गाल खाजला की काकू म्हणतात, धू. मी धुतो. काकू 'पुरे' म्हणतील, तेव्हा मी थांबेन."

गोगीने शिंगे आत घेतली. शिंगे बाहेर काढली. फार झाले! पुन्हा काकू!

खर... ड. खर... ड.

काकू आरशापुढेच होत्या. "टोनर की एसेन्स? एसेन्स की टोनर?"

"काकू!" गोगी म्हणाली. आवाज लहान, पण ताठ.

"हात ऐकेना,
साबण बसेना,
पंचा थांबेना,
गाल बोलेना,
काकू ठरवेनात,
वाटी मिळेना,
अळू गाठवेना!
काकू, हात कुणाचा?"

काकूंनी हाताकडे पाहिले. सुरकुतलेला, साबणाने पांढरा झालेला हात.

"माझाच," काकू हळूच म्हणाल्या.

मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "पुरे!"

हात थांबला. साबण बसला. पंचा दोरीवर गप्प राहिला. गालावर वारा आला. गाल निवला. गाल बोलला.

"गाला, टोनर लावू?"

"नको."

"मग एसेन्स?"

"तेही नको."

"मग लावू तरी काय?"

"काही नको. मला जरा राहू द्या."

काकूंनी दोन्ही बाटल्या कपाटात ठेवल्या. वाटी उचलली. गोगीला सावलीत घेतले आणि तिची बुळबुळ तिच्या पोटाखाली ओतली. सगळी. थेंबही ठेवला नाही.

"चुकले गं माझे," काकू म्हणाल्या. "देवाने तुला दिलेले मी घ्यायला नको होते."

"नको होते," गोगी म्हणाली, आणि निघाली.

सुळुक सुळुक! सुळुक सुळुक!

ऊन धावले. गोगी सरकली. ऊन अळवावर पोहोचले, तेव्हा गोगी पानाखाली होती. मागे दगडावर एक रुपेरी रेघ राहिली. काकूंनी ती पुसली नाही.

वाट होती लांब, पान होते रुंद,
गोगी आत गेली, शंख झाला बंद.