नानांना कुणी विचारलं नाही

एकदा एक मनुष्य आपल्या गुरूंकडे त्यागाची वार्ता घेऊन गेला. त्यागाची वार्ता सांगताना माणसाचा चेहरा थोडा उजळतो, तसा त्याचाही उजळला होता.

"गुरुजी, सहल रद्द केली," तो म्हणाला. "वडील अंथरुणावर असताना आपण समुद्र बघत हिंडायचं, हे काही बरं दिसत नाही."

गुरुजी "बरं" म्हणाले आणि त्यांनी समोरच्या पोथीचं पान उलटलं. शिष्याला शाबासकीची अपेक्षा होती. ती मिळाली नाही, म्हणून तो थोडा वेळ घुटमळला आणि घरी गेला.

या शिष्याचं नाव विश्वंभर. सह्याद्रीच्या अलीकडच्या अंगाला असलेल्या एका तालुक्याच्या गावी तो कॉलेजात भूगोल शिकवत असे. दर गुरुवारी सायंकाळी गुरुजींकडे चार-सहा मंडळी वाचनाला जमत, त्यांतला हा सर्वांत जुना. त्याचे वडील नाना. नानांनी बत्तीस वर्षं एस.टी. चालवली होती आणि घाट उतरून कोकणात जाणाऱ्या साऱ्या वाटा त्यांना तोंडपाठ होत्या. मुलगा नकाशा उघडून बसला की बाप मागून डोकावायचा आणि म्हणायचा, "तुझ्या कागदावर हे वळण सरळ दिसतंय, पण तिथं दोन गाड्या कधी पास व्हायच्या न्हाईत."

सहलही नानांनीच आखली होती. मे महिन्यात विश्वंभर, त्याची पत्नी शैलजा आणि दोन मुलं अशी चौघं आपल्या गाडीनं दहा दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं गोकर्णापर्यंत जाणार होती. मुक्काम कुठं, जेवण कुठं, कोणता घाट किती वाजायच्या आत उतरायचा, हे नाना रोज जेवताना सांगत आणि रोज त्यात एक दुरुस्ती करत. स्वतः ते जाणार नव्हते. "मी हितं बसूनच येतो तुमच्यासंगं," असं म्हणायचे. प्रत्येक मुक्कामावरून फोन करायचा, एवढीच त्यांची अट होती.

निघायला तीन आठवडे असताना नानांचे डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विश्वंभरला बाजूला घेऊन सांगितलं, की कर्करोग यकृतात पसरलेला आहे, दवाखान्यात ठेवण्यात अर्थ नाही, घरी घेऊन जा. महिना, फार तर दोन.

आता आपल्याकडची रीत अशी, की ज्याचा आजार त्याला सोडून बाकी साऱ्या जगाला तो सांगायचा. विश्वंभरनं बहिणीला सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, एका ज्योतिषापुढं पत्रिकाही ठेवली. नानांना मात्र म्हणाला, "कावीळ आहे, लिव्हरला सूज आलीय. पथ्य पाळलं की उतरेल." नानांनी मान डोलावली.

मग सहलीचा प्रश्न उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, नक्की काही सांगता येत नाही. नागपूरची बहीण कुमुद म्हणाली, "तुझं तू बघ बाबा, पण मागं काही झालं तर जन्मभर मनाला लागून राहील." मेहुणा म्हणाला, लोक काय म्हणतील. ज्योतिषी म्हणाला, अमावस्या जाऊ दे, मग बघू. शैलजानं मुलांच्या नव्या टोप्या कपाटात ठेवून दिल्या. विश्वंभरनं हॉटेलं रद्द केली, गाडीच्या टपावर मुद्दाम बसवून घेतलेलं कॅरियर काढून गॅरेजवाल्याला परत केलं, आणि नानांना सांगितलं की शैलजाला रजा मिळाली नाही. नाना म्हणाले, "असू दे." त्यानंतर विश्वंभर गुरुजींकडे गेला होता.

त्या दिवसापासून घरात येणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाला भेटायला जाणं ही आपल्याकडे एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती कुणालाही नीट येत नाही. शहाळी येत, सफरचंदं येत, जी नानांना चालत नव्हती. येणारा आधी त्यांच्या फुगलेल्या पोटाकडं पाही, मग तोंडाकडं, आणि मग म्हणे, "आता जरा चेहऱ्यावर तेज आलंय हं!" कुणी सुरुवात करी, "आमच्या साडूंना अगदी हेच झालं होतं," आणि बायकोचं कोपर लागलं की साडू तिथंच अर्धवट राहत. नानांची चौकशी नानांच्या देखत विश्वंभरकडे होई. खातात का? झोप लागते का? नाना पंख्याकडं बघत पडून असत. अकरा वर्षं अबोला धरलेली नानांची चुलतबहीण आली, पायाशी बसून रडली आणि "काही नाही, सहज आले होते," असं म्हणून गेली. कुमुद तर सणवार नसताना मुक्कामालाच आली.

विश्वंभर सारा दिवस खाटेशेजारी खुर्ची टाकून बसे. आयुष्यात पहिल्यांदाच बापलेक इतका वेळ एका खोलीत होते आणि त्यांना बोलायला विषय नव्हता. पूर्वी रस्त्यांचं बोलणं असे. आता रस्त्यांचा विषय काढणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, असं विश्वंभरला वाटे. मुलांना घरात आवाज करायची बंदी होती. एके दिवशी धाकटी सर्वांसमोर म्हणाली, "आजोबा बरे झाले की जायचं ना समुद्रावर?" तिला चार जणांनी एकदम गप्प केलं. नाना डोळे मिटून होते, पण झोपलेले नव्हते.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या गुरुवारी वाचन संपून मंडळी उठली तरी विश्वंभर बसून राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मला राग येतो. त्यांचाच येतो. काल मनात आलं, की हे असंच लांबलं तर दिवाळीचंही काही खरं नाही. बापाच्या बाबतीत माझ्या मनात असं यावं?"

गुरुजींनी पोथी बांधून ठेवली. "उद्या येतो मी घरी," एवढंच म्हणाले.

गुरुजींचं वय एक्याऐंशी. गुडघ्यांमुळं ते गेली कित्येक वर्षं मारुतीच्या देवळापलीकडं गेलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षातून उतरले, तेव्हा घरच्यांना वाटलं, अंगारा आणला असेल, कानात एखादं नाम सांगतील. गुरुजींनी पिशवीतून शंभर पानी वही आणि पेन काढलं, खुर्ची खाटेला भिडवली आणि म्हणाले, "नाना, मला राजापूरला जायचंय. वाट सांगा."

नानांनी डोळे उघडले. "तुम्हाला? कशाला?"

"आमची कुलदेवी तिकडं. तीस वर्षं जाणं झालं नाही. गगनबावड्यावरून उतरावं म्हणतो."

"गगनबावडा? कुणी सांगितलं तुम्हाला?" नाना कोपरावर उठू लागले. "फिरून फिरून जीव जाईल. मलकापुरावरनं अणुस्कुऱ्याला जावा. घाट अरुंद हाय, पण सावली हाय. आणि मधी काय खायला मिळायचं न्हाई, पाचलात उतरल्यावर चहा घ्या."

गुरुजी लिहीत होते. मध्येच ते अडून बसत. म्हणत, आम्हाला तर कुणी सांगितलं होतं की तो रस्ता खराब आहे. नाना चिडत, "सांगणारा स्टेअरिंगवर बसला होता का?" उशी मागं घेऊन ते बसते झाले. त्यांना घाम फुटला, धाप लागली. कुमुदनं दारातून खुणा केल्या. विश्वंभर दोनदा म्हणाला, "गुरुजी, त्यांना त्रास होतोय." गुरुजींनी वर पाहिलं नाही. तास-सव्वा तास हे चाललं. शेवटी नानाच इतरांना म्हणाले, "तुम्ही जरा भाईर जावा रे. आमचं बोलणं चाललंय." दार लोटलं गेलं.

पाऊण तासानं गुरुजी बाहेर आले. विश्वंभर त्यांना सोडायला फाटकापर्यंत आला. तिथं त्याला राहवलं नाही.

"तुमचे गुडघे तुम्हाला देवळापलीकडं नेत नाहीत आणि राजापूरची वाट विचारता? मरणाऱ्या माणसाला असं दमवायचं?" हा शब्द तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता, आणि बोलल्यावर त्यानंच घाबरून खिडकीकडं पाहिलं.

"घाबरू नकोस. त्यांना ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "मी विचारलं, कधी कळलं? म्हणाले, पोरगं टपावरचं कॅरियर उतरवत होतं, ते मी खिडकीतनं बघितलं. सुजेसाठी कुणी सहल मोडत न्हाई. पण पोरांना सांगू नका, त्यांना वाटतंय मला काय म्हाईत न्हाई, तेवढंच त्यांना बरं."

विश्वंभरनं फाटकाचा गज धरला.

गुरुजी पुढं म्हणाले, "या घरात जो येतो तो त्यांच्याकडं बघायला येतो. त्यांच्याकडून काही घ्यायला कुणी येत नाही. मी घ्यायला आलो. दमले हे खरं, पण तासभर ते आजारी नव्हते, ड्रायव्हर होते. आता तुझ्या त्यागाचं. त्याग आपल्या वस्तूचा करावा, विश्वंभरा. ते दिवस तुझे नव्हतेच, त्यांचे होते, आणि मोजके होते. ते कसे घालवायचे, हे तू डॉक्टरांना विचारलंस, बहिणीला विचारलंस, ज्योतिषाला विचारलंस. गेला असतास तरी चुकलाच असतास आणि राहिलास तरी चुकलास, कारण ज्यांना विचारायचं त्यांना तू विचारलंच नाहीस."

"ते 'जा'च म्हणाले असते, गुरुजी. बाप दुसरं काय म्हणणार?"

"ते त्यांना म्हणू दे की," गुरुजी म्हणाले आणि रिक्षात बसले.

दुपारी घर निजलं होतं. विश्वंभर खुर्चीवर न बसता खाटेवरच टेकला. नानांच्या पायांना सूज होती. त्यानं एक पाय मांडीवर घेतला.

"नाना, मी तुमच्याशी खोटं बोललो. शैलजाची रजा मंजूर झाली होती."

"ठाऊक हाय."

"कॉलेजला अजून सुट्टी आहे. मुलांना घेऊन चार दिवस जाऊन येऊ, का थांबू? तुम्ही म्हणाल तसं."

नाना 'जा' म्हणतील याची त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर त्यांनी ते म्हणावं, असंही त्याला आत कुठंतरी वाटत होतं. तीन आठवडे त्या खोलीत बसून तो विटला होता.

नाना म्हणाले, "तवा इचारलं असतंस तर जा म्हणालो असतो. तवा माझ्यात दम हुता. रोज तुमचा फोन आला असता, कुठं पोचलात, कधी निघालात. मी हितनं गाडी हाकली असती तुमची. पोरं बोलली असती, ऐकलं असतं. बरं गेलं असतं दहा दिवस." बोलता बोलता ते थांबले, श्वास घेतला. "आता न्हाई. आता जाऊ नको. मला भ्या वाटतंय."

बेचाळीस वर्षांत विश्वंभरनं हा शब्द वडिलांच्या तोंडून ऐकला नव्हता. तो नानांचा पाय दाबत राहिला आणि मग बापाच्या देखत रडला. नाना म्हणाले, "दार लावून घे. पोरं बघतील."

त्यानंतर नाना सोळा दिवस होते. विश्वंभर रोज सकाळी त्यांना विचारी, आज कुणाला आत येऊ देऊ? कधी ते म्हणत, कुणाला नको, आणि मग फळं घेऊन आलेले पाहुणे ओसरीवरून चहा पिऊन परत जात. काहींनी त्याचा रागही धरला. मुलांवरची बंदी नानांनी स्वतः उठवली. धाकटीला त्यांना समुद्र दाखवता आला नाही, पण भरतीच्या वेळी किनाऱ्याची गाडी का थांबवावी लागे ते त्यांनी सांगितलं. ते दिवस सुखाचे नव्हते. वेदना होत्या, उलट्या होत्या, आणि नानांची भीती शेवटपर्यंत गेली नाही. फक्त घरात कुणी कुणाशी खोटं बोलत नव्हतं. शेवटचे चार दिवस नाना शुद्धीवर नव्हते. विश्वंभर जवळच होता, पण ते त्यांना कळलं की नाही, हे सांगता येत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावरच्या गुरुवारी तो वाचनाला गेला. मंडळी जमायची होती. गुरुजींपुढं बसून तो म्हणाला, "शुद्धीतले बारा दिवस मिळाले, गुरुजी. आधीचे तीन आठवडे धरून तेहतीस मिळाले असते."

यावर सांत्वनाचे चार शब्द गुरुजींना सहज बोलता आले असते. पण त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून ते बोलले नाहीत. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि मंडळी येईपर्यंत धरून ठेवला.

ज्यांच्या घरी असं कुणी अंथरुणावर आहे, त्यांनी जावं की थांबावं, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी खाटेपाशी जाऊन विचारावं, आणि आजच विचारावं.