मिठाच्या पाण्याच्या नळ्या

एका रुग्णालयात मेंदूच्या प्रतिमा वाचणारे एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. एकदा त्यांच्याकडे एक शिंपी आला. त्याच्या मेंदूतील गाठ पूर्वी काढली होती. त्या जागी काही महिन्यांपासून पुन्हा डाग दिसत होता. गाठ परतली असेल तर शस्त्रक्रिया अटळ, आणि त्यात वाचा जाण्याचा धोका. उपचारांचाच तो व्रण असेल तर थांबणे योग्य. नेहमीच्या एमआरआयवरून उलगडा होईना.

तेव्हा वृद्धांनी, शिंप्याच्या गेल्या खेपेला घेतली होती तशी, सोडियमची प्रतिमा पुन्हा घ्यायचे ठरवले. नेहमीचा एमआरआय शरीरातले पाणी पाहतो, ही प्रतिमा मीठ पाहते. निरोगी पेशी आपल्यातले मीठ सतत बाहेर टाकते. बिघडलेल्या पेशीला ते जमत नाही, म्हणून गाठ वाढत असेल तर तिथले मीठ वाढते आणि डाग अधिक उजळ दिसतो.

त्यांनी शिंप्याच्या डोक्याशेजारी मिठाच्या पाण्याच्या दोन नळ्या ठेवल्या आणि ते बाहेर गेले.

"माझं लोणचं घालताय का, मॅडम?" शिंपी म्हणाला. "एक नळी कानाला टोचतेय."

शिष्येला दया आली. तिने दोन्ही नळ्या काढून ठेवल्या.

प्रतिमा धूसर आली. सोडियमची तशीच येते. पण डाग गेल्या खेपेपेक्षा उजळ होता.

"सर, मीठ वाढलंय. सर्जनना कळवू?"

"नळ्या कुठे आहेत?"

तिने सांगितले. ते रागावले नाहीत. शिंप्याजवळ जाऊन म्हणाले, "मास्तर, पुन्हा झोपावं लागेल. कानाशी कापूस ठेवतो."

"कापायच्या आधी पुन्हा माप घेताय ना, मग झोपतो."

दुसऱ्या प्रतिमेतही डाग तितकाच उजळ होता. मात्र या वेळी नळ्याही गेल्या खेपेपेक्षा उजळ होत्या.

वृद्ध म्हणाले, "नळ्यांतलं मीठ आपण मोजून घातलंय, ते वाढलेलं नाही. आज यंत्रच सगळं उजळ दाखवतंय. नळ्यांशी ताडलं तर डागातलं मीठ होतं तेवढंच आहे. एवढ्यानं सारं कळलं असं नाही, पण घाईचं कारण उरलं नाही. घरात कुणी आजारी असलं की त्याचा साधा खोकलाही मोठा ऐकू येतो. अशा वेळी आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं काहीतरी भीतीच्या शेजारी ठेवावं, आणि मग पाहावं."

शिंप्याला सांगायला शिष्याच गेली.

तो उठून बसला. "म्हणजे लग्नसराईची कामं घेऊ?"

"घ्या," ती म्हणाली. "फक्त सहा आठवड्यांनी इथं यायचं, तेवढा एक दिवस मोकळा ठेवा."