ओंजळभर मागणं

आटपाट नगर असतं ना, तसं इथे नगर नव्हतं. होती एक इवलीशी वाडी, आणि तिथला पाट मात्र खरोखरच आटला होता!

त्या वाडीत सोनकी आणि तिची आई राहायच्या. सोनकीच्या झग्याला ठिगळं होती, निळी, पिवळी, गुलाबी. जितकी ठिगळं तितके रंग, म्हणून तिला तो झगा फार आवडायचा. घर म्हणजे एक खोली, आणि खोलीपुढे मोगऱ्याचा छोटासा मळा. मोगरा फुलला की आई गजरे विकायची, गजरे विकले की चूल पेटायची.

पण यंदा ऊन असं तापलं, असं तापलं, की विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. विहीर सोनकीच्या आईची आणि शेजारच्या खंडूकाकांची, दोघांची सामाईक. एक दिवस पाणी मोगऱ्याला, दुसऱ्या दिवशी काकांच्या वांग्यांना.

"विहीर आटली तर मोगरा गेला बघ, सोने," आई म्हणाली. "मग ही वाडी सोडावी लागंल आपल्याला."

मोगऱ्याची झुडपं म्हणजे तिच्या मैत्रिणी! प्रत्येकीला तिने नाव ठेवलं होतं.

दुपारी ती आपल्या वाटणीचं पाणी तांब्यात घेऊन ठकूकडे गेली. ठकू म्हणजे बांधाजवळचं सगळ्यात सुकलेलं झुडूप. "पी गं बाई, मला नंतर चालेल," म्हणत तिने तांब्या कलता केला. शेवटचा थेंब पडला, तो मातीत मुरेचना! गोल गोल फिरला, चमचम चमकला, आणि त्यातून टुण्णकन बाहेर आली एक परी. करंगळीएवढी! चतुराचे पंख, पाण्याच्या रंगाचा झगा आणि डोक्यावर मोगऱ्याच्या कळीचा मुकुट.

"मी थेंबुली, या विहिरीतली परी," ती म्हणाली. "विहीर भरलेली होती तेव्हा मोराएवढी होते. पाणी आटलं, मीही आटले. तू आपल्या तोंडचं पाणी दिलंस ना, म्हणून तीन मागण्या माग. पण नियम आहेत हं! मागशील ते ओंजळीत मावलं पाहिजे. आणि जादू एकदा सुरू झाली की मोगऱ्याला कळी येईपर्यंत पाटाचं दार उघडायचं नाही. उघडलं, की जादू गेली वाहून!"

"पाणी!" सोनकी ओरडली. विचारबिचार कोण करतो!

आणि मिळालं किती? ओंजळभर. नियम म्हणजे नियम. सोनकीला रडूच आलं. तेवढ्यात बोटांच्या फटीतून पाणी ठिबकू लागलं, टप, टप, टप, थेट ठकूच्या बुडाशी. आणि काय सांगू, ठकूने मान वर केली! हिरवी हिरवी पानं लकलकली!

सोनकी बघतच राहिली. आई तर पाट भरभरून पाणी सोडायची. त्यातलं निम्मं वाटेतच मुरायचं, बाकीचं गवत प्यायचं आणि ठकूच्या वाट्याला यायचा नुसता चिखल.

"थेंबुली, थेंबुली!" सोनकीने उडीच मारली. "प्रत्येक झाडापाशी अशी माझी बोटं दे!"

ओंजळीत आलं एक काळंभोर, तुळतुळीत वेटोळं, गोगलगायीएवढं. जमिनीवर ठेवलं मात्र, त्याची लांबच लांब नळी झाली, एक टोक विहिरीत बुडवून ती ओळीओळीतून सरसर पळत सुटली. प्रत्येक झाडापाशी नळीला एक बारीकसं भोक, आणि त्यातून टप, टप, टप!

सोनकी नाचत होती, पण आईचा जीव टांगणीला लागला. कारण रान काळंभोर भिजल्याशिवाय पाणी पोचलं असं त्या वाडीत कुणी मानतच नसे.

खंडूकाका बांधावरून हसले. "काय वो वहिनी, रान तर कोरडंठाक! झाडं काय पाण्याचा वास घेऊन जगणार व्हय?"

झालं! आईने फावडं उचललं आणि निघाली पाटाचं दार फोडायला. सोनकी धावत जाऊन पाटात आडवी उभी राहिली.

"आई, नको! आधी इथं हात घाल. ठकूच्या मुळाशी."

"सर बाजूला. झाडं मरतील माझी!"

"एकदाच गं, माझ्यासाठी!"

आईने वाकून माती उकरली. वरची माती कोरडी होती, पण आत? आत भिजवलेल्या कणकेसारखी गार, मऊ माती! आईने ती मूठ गालाला लावली आणि फावडं टाकून दिलं.

काही दिवसांनी सकाळी बघतात तर ठकूला कळी! मग शेजारच्या झुडपाला, गोदीला, मग सगळ्यांनाच. मळा पांढऱ्या चांदण्यांनी भरून गेला.

पण पलीकडे वांगी माना टाकत होती. सोनकीने थेंबुलीला हाक मारली. "तिसरी मागणी. खंडूकाकांनाही अशीच नळी दे."

"ते तुम्हाला हसले ना?"

"काका हसले. वांगी कुठे हसली?"

थेंबुलीचे डोळे चमकले. तिने नळी दिलीच, वर एक काचेचा मणी दिला. "हा मातीत अर्धा पुरून ठेव. मुळांना तहान लागली की लाल होईल, पोट भरलं की हिरवा. मग नळी बंद करायची. एक थेंबही जास्त नको."

काका नळी घेऊन खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं." आणि चार जांभळी वांगी त्यांनी सोनकीच्या ओंजळीत ठेवली.

विहिरीत आता उपशापेक्षा जास्त पाणी झऱ्यातून येऊ लागलं. एक पायरी बुडाली, मग दुसरी. थेंबुली चिमणीएवढी झाली, पोपटाएवढी झाली, आणि एका सोनेरी सकाळी मोराएवढी होऊन काठावर येऊन बसली.

"सोनके, मी निघते. पण तुझी एक मागणी उरलीय."

"उरली कशी? तीन झाल्या की!"

"दुसऱ्यासाठी मागितलेलं आम्ही मोजत नाही, वेडे. माग काय हवं ते!"

सोनकीने मण्याकडे पाहिलं. हिरवागार! काकांच्या रानाकडे पाहिलं. आई दारात गजरे ओवत होती, चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती.

"आत्ता कुणालाच तहान नाहीये गं," सोनकी म्हणाली. "मागू तरी काय?"

थेंबुली अशी खळखळून हसली की तिचे प्रकाशाचे थेंब थेंब झाले. एकेक थेंब एकेका झाडाच्या बुडाशी उतरला, टप, टप, टप, आणि परी दिसेनाशी झाली.

अशी ही थेंबाथेंबाने भरलेली कहाणी. जिने ओंजळ उघडी ठेवली, तिच्या वाडीत मोगरा दरवळतोय.