पाय धुवायचं पाणी

"...आणि मठातलेच तेवढे चाळीस जण कसे वाचले?"

सुकीर्तपंडितांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. मठाचे प्रमुख निवांतबुवा काठी घेऊन नगराकडे निघालेच होते. पंडितांनी त्यांना दारातून मागे आणून ओसरीवर बसवलं होतं.

आठशे वर्षांपूर्वी धगाईचा डोंगर फुटला आणि सात नगरं राखेखाली गेली. राजघराणी बदलली, भाषा बदलली, वर्षंसुद्धा त्या राखेपासून मोजायची पद्धत पडली. वाचले ते फक्त या मठातले. त्यांना आधी कळलं होतं आणि त्यांनी मुद्दाम तोंड उघडलं नाही, असा पंडितांचा संशय होता. तो खरा ठरला तर मठ पाडायचा, असा राजाचा हुकूम त्यांच्या कमरेला खोचलेला होता.

"पंडितजी, आधी माझं एक ऐका..."

"प्रश्न मी विचारणार."

"बरं."

"तुमची माणसं अंगणात उभ्यानं कोरडे पोहे खातायत. तेही पायात चपला घालून. ही कसली रीत?"

बुवा काही बोलायला गेले.

"आणि ती बोचकी? मी येणार म्हणून पोथ्या हलवताय ना?"

"पोथ्या आत आहेत. बघून घ्या."

पंडितांनी खरंच आत जाऊन बघितलं. पोथ्या जागच्या जागी होत्या. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. अशा माणसाची मला चीड येते, आणि थोडी कीवही येते.

"लवकर आटपा," पंडित म्हणाले. "संध्याकाळी खाली नगरात माझ्या नातवाचं बारसं आहे. सगळं गणगोत जमलंय."

"नातू..." बुवांनी डोळे मिटले.

"त्या चाळीस जणांना आधी कळलं होतं की नव्हतं?"

"कळलं होतं."

पंडितांचा चेहरा खुलला. आठशे वर्षांचा चोर त्यांनी पकडला होता.

"कसं कळलं?"

"विहिरीमुळे. सकाळी पोहरा वर आला, तर पाण्यानं हात पोळला. थोरले बुवा तसेच नगरात धावले."

"मग नगर का नाही हललं?"

"तिथल्या राजपंडितांनी पुरावा मागितला. चौकशी बसली. दोन दिवस चालली..."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

बुवांनी नुसतं डोंगराकडे बघितलं.

"थापा!" पंडित उसळले. "मला गुंडाळायला बघता? मी आल्या आल्या पाय धुवायला कढत पाणी दिलंत, तेव्हाच ओळखलं. राजाच्या माणसाची एवढी बडदास्त उगाच कोणी ठेवत नाही."

बुवा उठले, पायरीपाशी गेले आणि पंडितांच्या चपला स्वतःच्या हातांनी उचलून त्यांच्या पायांशी आणून ठेवल्या.

पंडित ओशाळले. "अहो, हे काय करताय..."

"पंडितजी, मठात आज चूल पेटलेलीच नाही."