उस्तिन्या मावशीचं पाणी

पाणी हळूहळू प्या, पाहुणे. घटाघटा प्यालात तर पोट फुगेल आणि नाव आमच्या झऱ्याचं खराब होईल. बसा त्या बाकावर. ज्या बाईच्या नावानं हा झरा ओळखतात, तिची गोष्ट सांगते. ही गोष्ट सांगताना आमच्या गावाची मान खाली जाते, पण न सांगता तुम्हाला इथून उठू द्यायचं नाही अशी आमची रीत आहे.

तुमच्या-माझ्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. रशियाचा गवताळ माळ दक्षिणेला जिथं संपतो आणि काकेशसचे डोंगर जिथं सुरू होतात, तिथं एक लाकडी किल्ला होता आणि त्यात थंडीनं कुडकुडणारे शिपाई. पायथ्याशी कोमट, बुडबुड्यांचं, जिभेला लोखंडासारखं लागणारं पाणी वर येई. एका लंगड्या शिपायाचे गुडघे त्यात बसून मोकळे झाले. बातमी पसरली आणि लांबलांबच्या शहरांतून बग्ग्या यायला लागल्या. किल्ला गेला, खांबांचा मंडप आला, राहायच्या-जेवायच्या खाणावळी आल्या. गावाला तिखोवोद्स्क असं नाव पडलं आणि गावाचं पोट दुखणेकऱ्यांवर भरायला लागलं.

मंडपात पाणी भरून द्यायला उस्तिन्या नावाची विधवा असे. सगळं गाव तिला मावशी म्हणे. तिनं पेला भरला की बुडबुडे काठापर्यंत चढत, दुसऱ्या कुणी भरला की तेच पाणी निपचित पडे, असं म्हणतात. तिला ना मूल ना बाळ. माणूस पाणी पिताना त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि "आज बरं वाटतंय ना?" म्हणून विचारायचं, एवढंच तिचं सुख.

एका वर्षी खाणावळीत उतरलेल्या एका बाईला देवी आल्या. खाणावळवाल्यानं तिला दाराबाहेर काढलं. मावशी तिला आपल्या घरी घेऊन गेली. ती बाई बरी झाली आणि मावशी अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा तिचं तोंड आणि हात व्रणांनी भरून गेले होते.

खरं तर गावानं तिचे पाय धरायचे. पण पोटावर आलं की माणूस कसा वागतो बघा. सावेली नावाचा गावप्रमुख होता. तो म्हणाला, "मावशी, राग मानू नकोस. पण पाणी देणारीचंच तोंड असं, तर पाहुणे म्हणतील, या पाण्यात आहे तरी काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडपात फळ्या ठोकल्या, मध्ये भोक ठेवलं आणि त्यातून मावशीचा फक्त हात बाहेर, तोही हातमोजा घातलेला. आता तिला कुणाचं तोंड दिसेना. मग कुणा पाहुणीनं विचारलं, आत कोण लपवलंय? तेव्हा सावेली म्हणाला, "मावशी, तू आता घरीच बस."

मावशी "बरं" म्हणाली. भांडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं. शाल पांघरून ती डोंगराकडे चालू लागली. खिडक्याखिडक्यांतून लोक बघत होते, पण हाक कुणी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी गार पडलं. मग बुडबुडे गेले, मग चव गेली, शेवटी मंडपात नुसता चिखल राहिला. बग्ग्या माघारी फिरल्या. मेंढपाळ सांगत आले, वर कड्यावर एक बाई बसते, तिच्या पायाशी खडकातून पाणी उसळतं, आमच्या लंगड्या मेंढ्यासुद्धा ते पिऊन चालायला लागल्या. पाणीच तिच्यामागून डोंगर चढून गेलं, असं म्हणतात.

तेव्हा गावाला लाज वाटली. खरंच वाटली, खोटं कशाला बोलू? ठरलं की सगळ्यांनी जायचं, माफी मागायची आणि मावशीला मानानं घरी आणायचं. निघताना मात्र प्रत्येकानं घरातलं एकेक मडकं उचललं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

वरून मावशीला आपली माणसं येताना दिसली आणि तिचा चेहरा फुलला. मग तिला मडकी दिसली. तिनं शाल तोंडावर ओढून घेतली आणि म्हणाली, "दमला असाल. आणा इकडे." सावेली गुडघ्यांवर बसून रडला, "चुकलं मावशी." "असू दे रे," म्हणत तिनं त्याचंच मडकं आधी भरलं. मग सगळ्यांची भरली. बुडबुडे जिरायच्या आत घर गाठावं म्हणून सगळे लगबगीनं डोंगर उतरू लागले.

वेशीशी आल्यावर प्रास्कोव्या नावाच्या म्हातारीनं मडकं खाली ठेवलं. "मावशीला घरी चल असं कुणी म्हणालं का?" तिनं विचारलं.

कुणीच म्हणालं नव्हतं. सावेलीला वाटलं होतं दुसरा कुणी म्हणेल, आणि दुसऱ्यांना वाटलं होतं सावेली म्हणेल. मडकी तिथंच टाकून सगळे धावत वर गेले. खडक कोरडा होता आणि मावशी नव्हती. डोंगर धुंडाळून, हाका मारून घसे बसले. खाली आले तर मंडपात पाणी पूर्वीसारखं उसळत होतं. शिव्या देऊन गेली असती तर चाललं असतं. ती आम्हाला पाणी देऊन गेली, आणि तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

तेव्हापासून दरवर्षी पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मंडप बंद असतो. सगळं गाव रिकाम्या हातांनी कड्यावर जातं. म्हाताऱ्यांच्या काठ्यासुद्धा खाली ठेवायला लावतात, मग नातवंडं त्यांना धरून नेतात. वर गेल्यावर सगळे मिळून हाक मारतात, "मावशी, घरी चल." आणि थांबतात. कुणी येत नाही. तुमच्यासारखे पाहुणे हसतात, म्हणतात, इतक्या वर्षांनी कोण येणार? येणार नाही हे आम्हालाही कळतं हो. पण विचारायचं राहिलंय आमच्याकडून, ते विचारायला नको?