विश्रामचा विक्रम

“...पण मास्तर, जन्मात एक चेंडू खेळला नाहीत तुम्ही. नुसतं बघून माणसाला मिळतं काय?”

रंगनाथ मास्तर सतरंजी झटकत होते. धूळ खाली बसेपर्यंत थांबले. मग चिंचेच्या सावलीत सतरंजी अंथरली आणि तिच्या एका टोकावर हात आपटला.

“बस.”

विश्राम बसला नाही.

फलटणच्या मैदानावर त्या दिवशी उन्हाळी स्पर्धेचा अंतिम सामना होता. आपला नवजवान क्लब आणि बार्शीचा संघ. मे महिन्याचं ऊन असं, की खेळपट्टीकडे बघितलं तरी डोळ्यांत पाणी यावं. तरीही बायकापोरांसकट अर्धा गाव मैदानाच्या कडेनं उभा होता.

चिंचेखालची जागा मात्र कुणी घेत नसे. ती तिघांची होती. शाळेत चित्रकला शिकवणारे रंगनाथ मास्तर, सायकलवाले कासमभाई आणि पिठाच्या गिरणीचे भिकूशेठ. तिघं विशीत असताना पहिल्यांदा तिथं बसले, आता तिघांचीही डोकी पांढरी झाली. मास्तर हूं की चूं करत नसत. पण एखादा फटका मनापासून आवडला, की उठून उभे राहत. मास्तर कुणासाठी उठले, ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचलेली असे.

सात वर्षांपूर्वी ते विश्रामसाठी उठले होते.

विश्राम शिंगाडेनं तेव्हा अंतिम सामन्यात एकशे एकतीस धावा काढल्या. स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तेवढ्या धावा त्याआधी कुणी काढल्या नव्हत्या, त्यानंतरही नाही. क्लबच्या भिंतीवर त्याचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलं गेलं. पुढं एका साध्याच सामन्यात दुसरी धाव घेताना त्याचा गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चालशील, पळायचं नाव काढू नकोस.

त्या दिवसापासून विश्रामनं मैदानात पाय ठेवला नाही. सामना असला, की तो आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आत पंखे दुरुस्त करत बसे. पंख्याच्या आवाजात बाहेरचा गलका ऐकू येत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा.

आज सकाळी मास्तर स्वतः दुकानात आले. काखेतली सतरंजी त्याच्यापुढं धरून एवढंच म्हणाले, “घे. मला आता उचलवत नाही.”

शाळेत शिकवलेल्या माणसाला नाही म्हणता येईना.

“बस रे,” मास्तर पुन्हा म्हणाले. “उभ्यानं बघणाऱ्याचे पाय दुखतात.”

विश्राम बसला. दुखरा पाय सरळ पसरून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

बार्शीनं दोनशे पन्नासच्या वर धावा केल्या होत्या. आपला डाव सुरू झाला आणि बघता बघता तीन गडी परतले. उरला नवनाथ. विश्रामच्या जागी क्लबनं घेतलेला हाच तो.

“पाय हलत नाही त्याचा,” विश्राम म्हणाला.

मास्तरांनी सतरंजीची सुरकुती सरळ केली.

“बॅट खाली येते तीही वाकडी. टिकायचा नाही.”

कासमभाईंनी मीठ लावलेली कैरीची फोड पुढं केली. विश्रामनं मान हलवली.

पण नवनाथ टिकला. एक तास टिकला, दोन तास टिकला. पन्नास झाल्या. मग शंभर. पलीकडं शाळेच्या गच्चीवर पोरांनी पत्र्याचे डबे बडवायला सुरुवात केली. भिकूशेठनी डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली आणि ती चिंचेच्या फांदीत अडकली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“नशीब आहे त्याचं,” विश्राम म्हणाला. “दोन झेल सुटले.”

“एक,” भिकूशेठ म्हणाले.

“मास्तर, मी निघतो. दुकान उघडं टाकून आलोय...”

तेवढ्यात नवनाथनं एक चेंडू पाय पुढं टाकून कव्हरमधून मारला. जोर लावलाच नाही. नुसता वळवला. दोन क्षेत्ररक्षक एकमेकांकडे बघत राहिले आणि चेंडू त्यांच्या मधून निघून गेला.

कासमभाईंच्या तोंडून “वा!” निघालं.

विश्रामनं हात मांड्यांखाली आणखी घट्ट दाबले.

मास्तर त्याच्याकडं वळले. त्याच्या मांडीखालचा एक हात त्यांनी ओढून बाहेर काढला. मग दुसरा. दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरली आणि त्याचेच तळवे एकमेकांवर आपटले. एकदाच.

“वाजतात की,” मास्तर म्हणाले.

...

विश्राम आपल्या हातांकडं बघत बसला. पुढचा चेंडू पडला, त्यापुढचा पडला. मग त्यानं मान वर केली. किती वर्षांनी बघतोय आपण हे, असं त्याला वाटलं. ती मॅटिंगची खेळपट्टी, चुन्याची रेघ, घामानं पाठीला चिकटलेले सदरे. आणि मधोमध तो पोरगा. कोपर किती सुरेख वर येतं त्याचं!

“चांगला खेळतोय,” तो हळूच म्हणाला.

कासमभाईंनी कैरीची फोड पुन्हा पुढं केली. त्यानं घेतली.

सामना शेवटच्या षटकात गेला. मग शेवटच्या चेंडूवर आला.

हव्या होत्या चार धावा. नवनाथच्या झाल्या होत्या एकशे अठ्ठावीस.

हे गणित मैदानातल्या प्रत्येकाला कळलं. चौकार बसला तर सामना आपला आणि विश्रामचा विक्रम मोडला. नाही बसला, तर विक्रम राहिला आणि करंडक बार्शीला गेला. मधला रस्ता नव्हता. भिकूशेठनी विश्रामकडं बघितलं आणि घाईनं नजर काढून घेतली.

“मास्तर...” विश्रामचा आवाज चिरकला.

“हं.”

“आता मी काय मागू?”

मास्तर मैदानाकडंच बघत होते.

“कुणासाठी?” ते म्हणाले.

गोलंदाजानं चेंडू पँटला घासला. क्षेत्ररक्षकांना हातानं इकडं तिकडं हलवलं. सगळ्यांना त्यानं ऑफच्या बाजूला नेलं होतं. विश्राम या गोलंदाजाला खेळला होता. हा सगळं ऑफला लावतो आणि चेंडू पायावर टाकतो, हे त्याला ठाऊक होतं. चिंचेच्या बाजूला, अगदी त्यांच्या समोर, मैदान ओसाड पडलं होतं. एकच माणूस, तोही लांब.

विश्राम उठला कधी, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

“नवनाथ! इकडं! इकडं मोकळं आहे रे!”

गलक्यात ते कुणालाही ऐकू गेलं नसणार. नवनाथला तर नाहीच. पण तो सगळ्या अंगानं ओरडत होता, दोन्ही हात हलवत.

गोलंदाज धावत आला. चेंडू पायावरच पडला.

नवनाथनं मनगट फिरवलं. चेंडू चिंचेच्या दिशेनं निघाला.

मागं बार्शीचा तो एकटा क्षेत्ररक्षक जीव तोडून पळत होता. चेंडू उसळत, धूळ उडवत, हळू होत येत होता. कासमभाई ओरडले, “पाय! शेठ, पाय घ्या वर!” आणि दोघा म्हाताऱ्यांनी सतरंजीवर बसल्या बसल्या पाय हवेत उचलले.

“ये,” विश्राम चेंडूला म्हणाला. “ये, ये, ये...”

क्षेत्ररक्षकानं झेप घेतली. त्याची बोटं चेंडूला लागणार एवढ्यात चेंडू रेघेवरून पलीकडं आला आणि विश्रामच्या चपलेशी थांबला.

पंच लांब होता, धुळीत त्याला दिसेना. तो मान उंचावून चिंचेकडं बघत होता.

विश्रामनं उजवा हात छातीसमोर धरला आणि आडवा हलवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हलवताना तो हसत होता आणि रडतही होता. त्याच्या पायाशी पालथा पडलेला तो बार्शीचा मुलगा धापा टाकत उठून बसला, रेघेकडं बघितलं आणि त्यानंही मान डोलावली.

“गेला, काका,” तो म्हणाला. “चौकार.”

मग पंचाचा हात हलला.

मग जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. डबे, शिट्ट्या, टोप्या, गुलाल. कुणी कुणाला मिठी मारली याचा हिशेबच राहिला नाही. भिकूशेठ अनवाणी मैदानात पळाले. कासमभाई त्या बार्शीच्या मुलाला पाणी पाजत होते आणि त्याच्याच पाठीवर थोपटत “जिंकलो रे, जिंकलो!” म्हणत होते.

विश्राम टाळ्या वाजवत राहिला. तळवे लाल झाले तरी थांबला नाही. किती दिवसांचं साचलेलं होतं, कुणास ठाऊक.

शेवटी तो वळला. रंगनाथ मास्तर उभे होते. कधी उठले होते, कुणीच बघितलं नव्हतं. आणि ते मैदानाकडं बघत नव्हते. विश्रामकडं बघत होते.

विश्रामनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

“गेला, मास्तर,” तो हसत म्हणाला. “सात वर्षं सांभाळला होता. गेला माझा विक्रम.”

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हलकेच मैदानाकडं वळवलं.

“गेला कुठं? तो बघ... लोकांच्या खांद्यावर बसून इकडंच येतोय.”