ठकूबाई आणि राजावरचा कायदा

"माझ्यावर कायदा? माझ्यावर?" राजा दुर्जयसिंहाने कागद आपटले. "शास्त्रीबुवा, तीन दिवस देतो. पाठीशी फौज नाही, तरी मी रागाच्या भरात ज्याला हात लावू शकत नाही, असा एक माणूस दाखवा. नाहीतर तुमचं बाड बंबात आणि तुम्ही वेशीबाहेर!"

त्र्यंबकशास्त्र्यांनी बारा वर्षं युरोपातले कायदे अभ्यासले होते. तिकडे पुष्कळ राज्यांनी मिळून ठरवलं होतं, की साध्या माणसालाही आपल्या राज्यकर्त्याविरुद्ध दाद मागता यावी. तसाच कायदा आपल्या राज्यातही यावा म्हणून शास्त्रीबुवांनी हे आठशे पानांत लिहिलं, वर तळटिपाही दिल्या. आता ते बोचकं बांधू लागले.

त्यांची मोलकरीण ठकूबाई मात्र भडकली. बारा वर्षं त्या कागदांवरची धूळ तिनेच झटकली होती.

"मी येते दरबारात," ती म्हणाली. "तुमी निस्तं गप बसा. जमंल का?"

तिसरा दिवस मंगळवार. दर मंगळवारी शेजारच्या राजाचा दूत आपल्या धन्याचं पत्र वाचून दाखवी आणि राजा त्याला विडा देई. तशी रीतच होती. आजच्या पत्रात राजाला 'मठ्ठ रेडा' म्हटलं होतं. राजाने दातओठ खात विडा दिला.

"हाणा की त्याला, महाराज!" ठकूबाई म्हणाली.

"खुळी का तू? दूताला हात लावत नाहीत!"

"त्याच्या राजाची फौज लई मोठी असंल."

"अकरा शिपाई. त्यातले चार वाजंत्रीवाले."

"मग हुकूम कुनाचा?"

"कुणाचाच नाही! सगळे राजे पाळतात. आज याला मारलं, तर उद्या माझा दूत जिवंत परत येईल का?"

"ह्योच तुमचा मानूस! अन् ह्योच राजावरचा कायदा."

राजा चपापला, पण हटला नाही. "दूतामागे राजा असतो. साध्या माणसामागे कोण?"

ठकूबाईने पदर खोचला. "शिकारीत वाट चुकून तुमी एकलेच ह्या दूताच्या मुलखात गेलात. अंगावर चिखल, संगं ना मुकुट ना शिपाई. चोर म्हनून धरलं, तर काय सांगाल?"

"मी राजा आहे म्हणून!"

"हसतील की! मग 'मी मानूस हाय, आधी माजं ऐका' एवढंच उरंल. तवा ऐकून घ्यायचा कायदा असलेला बरा, का नसलेला?"

दूताने घसा खाकरला. "महाराज, आमच्याकडे आधी फटके देतात. नाव मागाहून विचारतात."

मग राजा पोट धरधरून हसला! शास्त्रीबुवांचा कायदा त्याने तिथल्या तिथे लागू केला आणि ठकूबाईला आपली दूत नेमून तिच्या खांद्यावर दूताची मानाची शाल घातली.

"पुढच्या मंगळवारी त्या पत्राचं उत्तर तूच घेऊन जा," तो डोळे पुसत म्हणाला. "तोंडाला येईल ते बोल. कुणाची हात लावायची छाती नाही!"